पंचवीस मिलिलिटरच्या चवी

पुण्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात हिवाळ्यातलं रिसेप्शन असलं, की जेवणाच्या रांगेपलीकडे कॉफीचं यंत्र फुसफुसत असतं. कॉफीवाला कपात कॉफीपूड आणि साखर घालतो, दुधाचं भांडं वाफेच्या नळीखाली धरतो, दूध फुगून वर येतं आणि फेसावर चॉकलेट पावडर भुरभुरली जाते. या गोड, दुधाळ कपाला सगळे 'एक्स्प्रेसो' म्हणतात. पुणेकरांच्या दोन पिढ्यांना एस्प्रेसो पहिल्यांदा भेटली ती अशी.

पुढे कधीतरी बाणेरच्या, कोरेगाव पार्कच्या किंवा प्रभात रस्त्याच्या कॅफेत तेच नाव वाचून ती मागवली जाते. समोर येतो चिमुकला कप. त्यात दोन-तीन घोटांचा काळपट द्रव, वर तांबूस साय. दूध नाही, साखर नाही. पहिल्याच घोटाला कपाळावर आठी पडते आणि निकाल लागतो: एस्प्रेसो म्हणजे कडू.

हा निकाल घाईचा आहे. नीट काढलेल्या एस्प्रेसोत कडूपणा असतोच, पण त्याच्या आधी आंबटपणा येतो, दोहोंच्या मधोमध गोडवा असतो आणि नाकाला कळणाऱ्या छटा तर कितीतरी. यातली कोणती चव कुठून आली हे उमगलं, की तोच कप वेगळा लागू लागतो. ते समजून घ्यायला पुण्यासारखी जागा नाही. ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी हे शहर वसलं, त्याच डोंगररांगेच्या दक्षिणेकडच्या उतारांवर भारतातली बहुतेक कॉफी पिकते.

पुण्याची जीभ

मराठी घरात कॉफी आली ती दुधातून. उकळत्या दुधात चमचाभर पूड, भरपूर साखर आणि वर किसलेलं जायफळ. रात्री जागरण असलं, पाहुणे उशिरा आले, कुणाला बरं नसलं की ही कॉफी व्हायची. तिच्यात कॉफीपेक्षा जायफळाचा आणि दुधाचाच स्वाद पुढे असे.

दुसरी ओळख दाक्षिणात्य हॉटेलांनी करून दिली. १९५० च्या सुमारास जगन्नाथ शेट्टी यांनी फर्ग्युसन रस्त्यावर बस्तान बसवलं. आजच्या 'रूपाली' आणि 'वैशाली'मागे त्यांचे कष्ट आहेत. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा अख्ख्या शहराला घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. अशा हॉटेलांमधल्या वाटी-पेल्यातल्या फिल्टर कॉफीनं पुणेकरांना डिकॉक्शनची गोडी लावली. या कॉफीत अनेकदा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण त्यानं डिकॉक्शन दाट होतं आणि जळक्या साखरेसारखा कडसर गोडवा येतो. शेजारी १९३५ पासूनचं 'गुडलक' आणि इतर इराणी हॉटेलं चहाचा किल्ला लढवत होतीच.

तिसरी लाट मॉल आणि आयटी पार्कांबरोबर आली. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालेली 'कॅफे कॉफी डे' देशभर पसरली आणि कॅपुचिनो हा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर पोचला. टाटांच्या भागीदारीतलं 'स्टारबक्स' ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत उघडलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. त्यानंतरचं दशक बिया स्वतः भाजणाऱ्यांचं. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेली 'ब्लू टोकाय', बंगळुरूची 'थर्ड वेव्ह', मुंबईची 'सबको', आपल्या विदर्भातली, नागपूरची 'कॉरिडोर सेव्हन' यांनी पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापायला सुरुवात केली. पुण्यातही छोट्या भट्ट्या लावून बिया भाजणारे उभे राहिले. दुधाआड आणि साखरेआड दडलेली कॉफी आता उघडी समोर आली, आणि तिची चव ओळखायची सवय मात्र कुणी लावून दिलेली नव्हती.

वाफेकडून दाबाकडे

एस्प्रेसोची चव समजायची तर आधी यंत्र समजायला हवं. १८८४ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी त्यात सुधारणा केली: एकेका गिऱ्हाइकासाठी ताजी कॉफी, थेट कपात. देसिदेरियो पावोनी यांनी ते यंत्र बाजारात आणलं आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं.

पण या यंत्रांचा दाब वाफेचा होता, जेमतेम दीड-दोन बार. वाफ आणि उकळतं पाणी पुडीला भाजून काढत, म्हणून कॉफी जळकट लागे. हे दुखणं मिलानच्याच अकिले गाज्जिया यांनी दूर केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७-४८ च्या सुमारास, त्यांनी स्प्रिंगच्या दांड्यानं पाणी दाबणारं यंत्र आणलं. दाब आठ-नऊ बारपर्यंत चढला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या आठ-नऊ पट, आणि पाणी उकळतं असण्याची गरज उरली नाही. कपात पहिल्यांदाच तांबूस साय दिसली. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून तिची नैसर्गिक साय अशी जाहिरात करावी लागली. हीच आजची क्रेमा. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात दांड्याच्या जागी विजेचा पंप आला आणि नऊ बार हे प्रमाण जगभर रूढ झालं.

लग्नातलं यंत्र या वंशावळीतलंच आहे. त्यात दाबानं कॉफी काढण्याचा भाग वापरला जात नाही, फक्त दूध तापवणारी वाफेची नळी कामाला येते. झटपट कॉफीला ती फेस देते, एस्प्रेसोची चव देऊ शकत नाही.

इटलीत एस्प्रेसोच्या प्रमाणीकरणासाठी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिचं माप असं: ७ ग्रॅम पूड, ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी, ९ बार दाब, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. नव्या पिढीचे कॅफे साधारण १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी काढतात, पाणी ९० ते ९४ अंशांवर ठेवतात. वेळ तीच, पंचवीस-तीस सेकंद.

पंचवीस सेकंदांत काय घडतं

भाजलेल्या कॉफीचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा काढायचा नसतो. अठरा ते बावीस टक्के निघाला, की चव जुळून येते. कारण सगळे घटक एकाच वेगानं विरघळत नाहीत. सर्वांत आधी येतात आम्लं आणि क्षार, मग गोडव्याची जाणीव देणारे घटक, आणि जड, कडू घटक शेवटी.

कॅफेत कॉफी काढणाऱ्या बरिस्तांच्या प्रशिक्षणात यासाठी एक सोपा प्रयोग करतात. कॉफीची धार सुरू झाली की दर आठ-दहा सेकंदांनी खालचा कप बदलायचा. पहिल्या कपात दाट, गडद, जीभ आक्रसून टाकणारा आंबट-खारट अर्क. दुसऱ्यात सोनेरी, मऊ, गोडसर कॉफी. तिसऱ्यात फिकट, पातळ, कडू पाणी. तिन्ही कप वेगवेगळे चाखले तर एकही धड पिववत नाही. तिन्ही एकत्र केले की एस्प्रेसो होते.

हा प्रयोग एकदा पाहिला, की कपातला दोष कुठला हे सांगता येतं. घशात टोचणारा, कच्च्या कैरीसारखा आंबटपणा आणि गिळल्यावर लगेच संपणारी चव, म्हणजे पाणी घाईनं निघून गेलं: दळण जाडं होतं किंवा पाणी थंड. राखेसारखा कडूपणा आणि जीभ कोरडी पडणं, म्हणजे पाणी फार वेळ रेंगाळलं: दळण फार बारीक किंवा वेळ जास्त. म्हणून जाणता बरिस्ता सकाळी दुकान उघडल्यावर पहिले दोन-तीन शॉट स्वतः चाखतो, ओतून देतो, ग्राइंडरचा काटा केसभर सरकवतो आणि मगच गिऱ्हाईक घेतो.

मेन्यूवरची काही नावं याच हिशेबातून आली आहेत. रिस्त्रेत्तो म्हणजे धार लवकर थांबवलेला शॉट. दाट, आंबटगोड, कडूपणा कमी. लुंगो म्हणजे लांबवलेला. पातळ आणि अधिक कडू. अमेरिकानो म्हणजे तयार एस्प्रेसोत गरम पाणी. एस्प्रेसोच्या छटा सावकाश ओळखायच्या असतील तर सुरुवातीला अमेरिकानो सोपी जाते, कारण दाटपणा कमी झाला की सुवास मोकळा होतो.

कडूपणाबद्दलचा एक समजही इथंच दूर करायला हवा. कडू म्हणजे कॅफिन, आणि म्हणून कडू म्हणजे 'स्ट्राँग', असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात कॉफीच्या कडूपणात कॅफिनचा वाटा थोडा आहे. कॅफिन काढलेली कॉफीही कडूच लागते. कडूपणाचा मोठा भाग भाजताना तयार होतो. कच्च्या बीतली क्लोरोजेनिक आम्लं तापून बदलतात आणि आधी सौम्य, सुखद कडू पदार्थ बनतात. भट्टी पुढे चालू राहिली तर त्यांच्यापासून तीव्र, घशाला चिकटणारे कडू पदार्थ होतात. काळीकुट्ट, तेलानं चकाकणारी बी कडू लागते ती त्यामुळे.

डोंगर आणि भट्टी

सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. त्या डोंगरांना आज बाबाबुडनगिरी म्हणतात. पुण्याहून तो प्रदेश एका रात्रीच्या प्रवासावर आहे. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, उरलेली मुख्यतः केरळ आणि तमिळनाडूत. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला तुकडा छोटा आहे: अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. मेळघाटातल्या या थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजांच्या काळात कॉफी लावली गेली आणि तिथली झाडं पर्यटकांना आजही दाखवली जातात.

भारतीय कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणस, त्यांच्यावर चढलेले मिऱ्याचे वेल, खाली कॉफी. सावलीत फळ सावकाश पिकतं. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. त्यातल्या अरेबिकाच्या 'एस ७९५' या वाणाचा आपल्याकडे मोठा पसारा आहे. ते बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात विकसित झालं. त्या कॉफीत आंबटपणा बेताचा, अंगात भरदारपणा आणि मागून येणारी चॉकलेटची, मसाल्याची छटा असते.

फळातून बी कशी काढली यावरही चव फिरते. गर धुऊन काढला तर कॉफी स्वच्छ, नितळ आणि आंबटपणाकडे झुकणारी होते. सबंध फळ उन्हात वाळवलं तर गराचा गोडवा बीत उतरतो आणि कपात जांभळाची, करवंदाची, कधी आंबूस पिकलेल्या फळाची आठवण येते. व्यापारात यांची जुनी नावं आहेत: धुतलेल्या अरेबिकाला 'प्लँटेशन', उन्हात वाळवलेल्या कॉफीला 'चेरी', धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट'.

रोबस्टाचं नाव काढलं की जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात. ते चुकीचं आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के रोबस्टाच आहे. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, आंबटपणा कमी, आणि एस्प्रेसोच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट म्हणजे जाड, टिकाऊ क्रेमा. भारताच्या कॉफीचा मोठा भाग निर्यात होतो आणि खरेदीदारांत इटली वर्षानुवर्षं आघाडीवर राहिली आहे. नेपल्समधल्या कॉफीच्या दुकानात उभ्या उभ्या प्यायल्या जाणाऱ्या कपात चांगली धुतलेली भारतीय रोबस्टा मिसळलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दाणेदार, नीट निवडलेली, हळू भाजलेली रोबस्टा भाजक्या शेंगदाण्यासारखी, काळ्या चॉकलेटसारखी लागते. तिचा कमीपणा वाटावा असं काही नाही.

मान्सूनशी जोडलेली एक कॉफी तर भारताबाहेर कुठेच होत नाही. शिडाच्या जहाजांतून महिनोन्महिने युरोपला जाताना बिया दमट हवेनं फुगत, पिवळट होत, आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. जहाजं वेगवान झाली तशी ती चव हरवली, म्हणून मंगळुरूच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर गोदामांत बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारं देणं सुरू झालं. हीच 'मॉन्सून्ड मलबार', भौगोलिक मानांकन मिळालेली कॉफी. आंबटपणा जवळजवळ गेलेला, अंग जाड, वास ओल्या मातीचा आणि मसाल्याचा. एस्प्रेसोच्या मिश्रणांत तिला जगभर मागणी आहे.

मग भट्टी. साधारण दोनशे अंशांच्या आसपास बी पहिल्यांदा तडतडते. तिथून पुढची काही मिनिटं भाजणाऱ्याच्या हातात असतात. लवकर काढली तर लिंबाची, फुलांची, आलुबुखाराची छटा टिकते. मध्यम भाजली तर चिक्की, काकवी, बदाम. गडद भाजली तर काळं चॉकलेट, धूर, राख. मळ्याची चव हलक्या आणि मध्यम भाजणीत ऐकू येते. गडद भाजणीत सगळे मळे सारखेच होतात. बाबाबुडनगिरीतलं 'रत्नगिरी' (कोकणातलं रत्नागिरी वेगळं) किंवा बिळिगिरिरंगन डोंगरातलं 'अट्टिकन' अशी नावं पाकिटावर दिसली, की भाजणीही पाहून घ्यावी ती त्यासाठी.

पाणी, पाऊस, दूध

कपात दहातला नऊ भाग पाणीच असतं. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव ओढून काढतात. खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, म्हणून हलकं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी बहुधा जड. जड पाण्यात आंबटपणा मारला जातो, कॉफी खडूसारखी सपाट लागते आणि यंत्रात क्षार साचतात. आरओच्या अगदी रित्या पाण्यात कॉफी टोचरी, पोकळ लागते. स्पेशालिटी कॉफीच्या जागतिक संघटनेनं लिटरमागे सुमारे १५० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असलेलं पाणी आदर्श मानलं आहे. वेगवेगळ्या भागांतल्या पाण्यानुसार गाळणी निवडणं हे कॅफे चालवणाऱ्याचं पहिलं काम ठरतं.

हवेचाही हात असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पूड ग्राइंडरला स्थिर विजेनं चिकटते, जुलैच्या दमट सकाळी तीच पूड ओलावा धरते आणि धार बदलते. त्यामुळे दळण दिवसातून दोन-तीनदाही बदलावं लागतं.

दुधाचं गणित पुणेकरांना कळायला सोपं आहे, कारण चितळे की कात्रज, गाय की म्हैस हे वाद इथं घरोघर होतात. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात त्याच्या निम्मा. म्हशीचं दूध कपाला जाडी आणि सायीचा स्वाद देतं, पण हलक्या भाजणीच्या कॉफीची फळांची छटा झाकून टाकतं. त्यामुळे फ्लॅट व्हाइटसारख्या पेयाला बरिस्ता बहुधा गाईचं दूध घेतात. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापलं की सर्वांत गोड लागतं. सत्तरीच्या पुढे प्रथिनं बिघडतात आणि उतू गेलेल्या दुधाचा वास येतो. 'कॅपुचिनो कोमट का?' या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर हेच आहे. उकळती कॉफी हवीच असेल तर फिल्टर कॉफी मागवावी, ती त्यासाठीच बनलेली आहे.

चाखावी कशी

क्रेमा दिसायला सुंदर, चवीला मात्र कडूच. म्हणून कप आला की आधी चमच्यानं ढवळावं. तळाचा दाट अर्क आणि वरची साय एकजीव होतात. एक घोट पाणी प्यावं. मग छोटा घोट थोडी हवा ओढत घ्यावा, कारण चवीतला बराचसा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या सुवासाचा असतो. पहिला घोट जिभेला फक्त जागं करतो, मत दुसऱ्यावर बनवावं.

मनाशी चार प्रश्न ठेवावेत. आंबटपणा कसा आहे: कोकमासारखा रसदार की कच्च्या चिंचेसारखा बोचरा? गोडवा आहे का, असेल तर काकवीचा, चिक्कीचा की खजुराचा? अंग कसं आहे: ताकासारखं पातळ की बासुंदीसारखं दाट? आणि गिळल्यावर काय उरतं? जागतिक संघटनेचं चवींचं चक्र १९९५ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये नव्यानं बांधलं गेलं. त्यातली ब्लूबेरी अनेकांनी चाखलेली नसते. जांभूळ, करवंद, आवळा, जायफळ ही आपली चवींची शिदोरी त्या कामाला पुरेशी आहे.

घरी यंत्र नसेल तर इटलीत १९३३ मध्ये आलेला मोका पॉट स्वस्तातला मार्ग आहे. त्याचा दाब एक-दोन बारचाच, त्यामुळे ती पक्की एस्प्रेसो होत नाही, पण दाट, दुधात शोभणारी कॉफी होते. बी सबंध आणावी, भाजल्यापासून आठवडा ते महिन्याच्या आत वापरावी, कॉफी करायच्या वेळीच दळावी. ताजी दळलेली साधी कॉफी महिनाभर उघडी पडलेल्या महागड्या पुडीपेक्षा केव्हाही सरस.

कॅफेत एका कपासाठी फिल्टर कॉफीच्या कित्येक पट पैसे मोजताना गिऱ्हाइकानं विचारायचे प्रश्न तीनच: बी कुठल्या मळ्याची, कधी भाजली, आज शॉट कसा लागतोय? चांगल्या बरिस्ताला हे प्रश्न आवडतात आणि उत्तर न देता येणाऱ्या कॅफेला ते कामाला लावतात. निर्यातीची सवय असलेल्या आपल्या मळेवाल्यांना घरचं जाणतं गिऱ्हाईक मिळालं, तर चांगली बी देशात ठेवायला त्यांना कारण मिळेल. तेव्हा पुढच्या वेळी एस्प्रेसो मागवाल तेव्हा साखरेची पुडी फोडण्याआधी दोन घोट तसेच घ्या, आणि मळ्याचं नाव नक्की विचारा.